पाणी निळं आहे, पण पंपरूममध्ये कोण आहे?

परीक्षा आटोपल्या. पारा ४५ च्या वर गेलाय, सकाळी भरलेला कूलर दुपारीच कोरडा पडतोय आणि नवतपा तर अजून यायचाच आहे. अशा दिवसांत नागपुरातलं अर्धं कॉलेज सकाळी सहाच्या बॅचला कुठे सापडतं, हे तुम्हाला सांगायला नको. अंबाझरीचा नासुप्रचा जलतरण तलाव असो, एखाद्या क्लबचा पूल असो, कॉलेजचा असो की नव्या सोसायटीतला छोटा टँक असो, सगळीकडे टॉवेल, गॉगल आणि कॅप घेऊन रांग लागलेली असते.

पूल निवडताना आपण काय बघतो? फी किती, बॅच कोणती, कोच कसा, कोणकोण येतंय आणि पाणी निळं दिसतं का. झालं, एवढंच. पण तुमच्या पूलच्या एका कोपऱ्यात एक लहानसं लोखंडी दार असतं. त्यावर ‘प्रवेश बंद’ असं लिहिलेलं असतं आणि आतून मोटरचा घूंऽऽ असा आवाज येत असतो. त्या दारामागे काय चालतं आणि कोण चालवतं, हे आपण कधी विचारलंय का?

हा प्रश्न विचारायला एक कारण आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या कासारवाडीत, महापालिकेच्या जलतरण तलावावर सकाळच्या वेळी क्लोरीन वायूची गळती झाली. वीसच्या आसपास लोकांना खोकला, घशाची आग, श्वास घ्यायला त्रास अशा तक्रारींमुळे दवाखान्यात न्यावं लागलं. ते कुठल्या केमिकल फॅक्टरीत कामाला गेले नव्हते. नेहमीसारखे पोहायला गेले होते, तुमच्या-माझ्यासारखे. बातमी दोन दिवस चालली, मग विसरली गेली. पण जी वस्तू तिथे होती, तीच आपल्याही पूलवर असू शकते.

आधी त्या दारामागचं काम समजून घेऊ. ते अवघड नाही.

पूलचं पाणी रोज बदलत नाहीत. लाखो लिटर पाणी रोज फेकणं नागपूरलाच काय, कुठल्याच शहराला परवडणारं नाही. तेच पाणी फिरवून, गाळून, निर्जंतुक करून पुन्हा पूलमध्ये सोडतात. पाणी आधी एका जाळीतून जातं. तिथे केस, पानं, बँडेजच्या पट्ट्या अडकतात. मग मोटर ते पाणी रेतीच्या मोठ्या फिल्टरमध्ये ढकलते. रेतीत बारीक घाण अडकली की फिल्टरवरच्या प्रेशर गेजचा काटा चढतो. तेव्हा पाणी उलट्या दिशेने सोडून रेती धुतात. याला बॅकवॉश म्हणतात. आणि शेवटी, पाणी पूलमध्ये परत जायच्या आधी, त्यात क्लोरीन आणि गरजेप्रमाणे ॲसिड मिसळतात. मोठ्या पूलवर हे काम छोटे डोसिंग पंप करतात. लहान पूलवर बरेचदा बादली आणि मग करतो.

यातलं क्लोरीन हेच आपलं संरक्षण आहे. ते नसेल तर पन्नास जणांच्या बॅचमध्ये एकाची जुलाबाची लागण दहा जणांना व्हायला वेळ लागणार नाही. अमेरिकेतल्या जर्सी सिटीने १९०८ मध्ये शहराच्या पिण्याच्या पाण्यात कायमस्वरूपी क्लोरीन वापरायला सुरुवात केली आणि पुढे जगभरात टायफॉइड-कॉलऱ्याचे बळी कमी होण्यात या उपायाचा मोठा वाटा राहिला. आपल्या घरच्या नळालाही क्लोरीनचं पाणी येतं. पण हाच क्लोरीन वायू २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर जर्मन सैन्याने शस्त्र म्हणून सोडला होता. म्हणजे पदार्थ तोच आहे. तो किती आहे, कुठे आहे आणि कोणाच्या हातात आहे, यावर सगळं ठरतं.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या पूलवर तर क्लोरीनचा वास येतो, म्हणजे पाणी स्वच्छ आहे. इथेच आपण सगळे फसतो. व्यवस्थित ठेवलेल्या पूलला फारसा वास येत नाही. डोळे चुरचुरतात, नाकात झोंबतं, तो वास बहुतेकदा क्लोरामाइनचा असतो. क्लोरीन आपल्या घामाशी आणि (हो, सॉरी) लघवीशी मिळालं की क्लोरामाइन तयार होतं. म्हणजे वास जास्त याचा अर्थ क्लोरीन जास्त असा नाही, तर पाण्यात घाण जास्त झाली आणि कामाचं क्लोरीन तिच्यातच खर्च होतंय, असा असू शकतो. पाण्यात उतरण्याआधी शॉवर घ्या असं लिहिलेलं असतं, ते यासाठी.

दुसरी गोष्ट पीएचची. बारावीच्या केमिस्ट्रीनंतर आपण ज्याला विसरून गेलो तोच पीएच. पाण्याचा पीएच साडेसात असेल तर टाकलेल्या क्लोरीनपैकी साधारण अर्धं जंतू मारायच्या कामाला येतं. पीएच साडेआठला गेला की जेमतेम दहा टक्के. टाकणारा म्हणतो, मी तर भरपूर टाकलं, पण त्यातलं बहुतेक नुसतं पाण्यात पडून आहे. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेची साधी सूचना आहे: पूलमध्ये मोकळं क्लोरीन लिटरला किमान १ मिलिग्रॅम हवं आणि पीएच ७.० ते ७.८ च्या मध्ये. आणि हे दिवसातून किमान दोनदा तपासायचं, गर्दी असेल तर त्याहून जास्त वेळा. आपल्याकडेही भारतीय मानक ब्युरोचं जलतरण तलावाच्या पाण्यासाठी वेगळं मानक आहे, आयएस ३३२८. तपासायची किट खिशात मावते. दोन नळ्यांत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग जुळवायचा. पाच मिनिटांचं काम.

मग अपघात होतो कुठे? मुख्यतः तीन ठिकाणी.

पहिलं, सिलिंडर. काही मोठ्या पूलवर दाबाखाली भरलेला क्लोरीन वायू वापरतात. व्हॉल्व्ह गंजला, जोडणी सैल झाली, वॉशर जुना झाला की वायू थेट बाहेर येतो. रिकामा म्हणून कोपऱ्यात टाकलेला सिलिंडरही रिकामा असेलच असं नाही. मुंबईत शिवडीच्या हाजी बंदर परिसरात जुलै २०१० मध्ये वर्षानुवर्षं पडून असलेल्या जुन्या सिलिंडरमधून क्लोरीन गळलं आणि शंभरच्या आसपास लोकांना त्रास झाला.

दुसरं, चुकीचं मिश्रण. पूलवर साधारण तीन प्रकारचं क्लोरीन येतं: कॅनमधलं द्रव सोडियम हायपोक्लोराइट, कॅल्शियम हायपोक्लोराइट म्हणजे ब्लीचिंग पावडरच्या घराण्यातली दाणेदार पावडर, आणि टीसीसीए नावाच्या गोळ्या. हायपोक्लोराइटमध्ये ॲसिड पडलं की क्लोरीन वायू निघतो, तिथल्या तिथे. पावडर आणि टीसीसीएच्या गोळ्या एकत्र झाल्या तर आग किंवा स्फोटही होऊ शकतो. त्यासाठी कोणी वेडेपणा करावा लागत नाही. एकच मग दोन्ही ड्रममध्ये बुडवला, लेबल फाटलेल्या कॅनमध्ये चुकीचं द्रव ओतलं, एवढं पुरतं. आणि हे फक्त पूलवर होतं असंही नाही. हॉस्टेलच्या बाथरूममध्ये ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच एकत्र ओतलं की तिथेही हाच वायू तयार होतो.

तिसरं कारण नागपूरकरांनी नीट वाचावं, कारण ते ‘लाईन गेली’ या आपल्या रोजच्या वाक्याशी जोडलेलं आहे. पूलची मोठी मोटर थ्री-फेजवर चालते. उन्हाळ्यात एक फेज गेला की ती ट्रिप होते आणि पाणी फिरायचं थांबतं. पण क्लोरीन आणि ॲसिडचे छोटे डोसिंग पंप सिंगल फेजवर असतात. त्यांचा फेज शाबूत असेल तर ते चालूच राहतात. पाईपमध्ये पाणी थांबलेलं, आणि त्यात एकीकडून हायपोक्लोराइट, दुसरीकडून ॲसिड थेंबाथेंबाने साचतंय. अर्ध्या तासाने फेज येतो, कोणीतरी मोटर सुरू करतं आणि पाईपात तयार झालेला वायू एकदम पूलच्या पाण्यातून वर येतो. त्या वेळी पाण्यात तुमची बॅच असते. कॅलिफोर्नियातल्या एका सार्वजनिक पूलवर २०१५ मध्ये याच पद्धतीने पोहणाऱ्यांना वायूची बाधा झाली होती.

यावरचा उपाय खूप मोठा नाही. पाण्याचा प्रवाह थांबला की डोसिंग पंप आपोआप बंद व्हावेत, अशी जोडणी करता येते. आणि बंद पडलेली मोटर पुन्हा सुरू करण्याआधी सगळ्यांना पाण्याबाहेर काढायचं, हा नियम तर फुकट आहे. त्याला फक्त शिट्टी लागते.

क्लोरीन हवेपेक्षा जवळपास अडीच पट जड असतो. तो वर उडून जात नाही, खाली पसरतो. आता पोहणाऱ्याचं डोकं कुठे असतं बघा: पाण्याच्या पृष्ठभागापासून चार बोटं वर. धापा टाकत, तोंडाने मोठमोठे श्वास घेत. गॅलरीत बसलेल्या पालकांना वास यायच्या आधी पाण्यातल्या पोराच्या फुप्फुसात तो गेलेला असतो.

आता त्या माणसाबद्दल बोलू. या लेखासाठी मी शहरातल्या एका पूलच्या पंपरूममध्ये गेलो होतो. पूलचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका पूलचा नाही. तिथले काका पन्नाशीचे. आधी माळीकाम करायचे, मग मोटर चालू-बंद करायला सांगितलं, मग केमिकलही त्यांच्याकडेच आलं. मी विचारलं, “काका, हे किती टाकायचं हे कसं ठरवता?” ते हसले. “अंदाज आला ना बापा आता. पाणी हिरवं दिसलं की एक बादली जास्त.” तपासायची किट होती, पण तिच्यातलं औषध कधीचंच संपलं होतं. ॲसिडचे आणि हायपोचे कॅन एकाच भिंतीला टेकून उभे होते. वर टिनाचं छत, खिडकी एक, तीही पोत्याने झाकलेली. तोंडाला बांधायला काय, तर दुपट्टा. दुपट्टा धूळ अडवतो, वायू अडवत नाही. निघताना ते म्हणाले, “कधीकधी रात्री छाती जड होते. पण सवय झाली.”

ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही. कासारवाडीसारख्या घटनेत आपण पोहणाऱ्यांचा आकडा मोजतो. पण दारामागचा माणूस रोज थोडा थोडा तेच श्वासात घेत असतो आणि त्याची बातमी होत नाही. उद्या काही झालंच, तर पहिलं वाक्य काय असेल हेही आपल्याला माहीत आहे: कर्मचाऱ्याच्या चुकीमुळे. ज्याला कोणी कधी शिकवलंच नाही, त्याची ती चूक कशी? ज्याने त्याला किट दिली नाही, मास्क दिला नाही, दोन कॅन वेगळे ठेवायला दुसरी खोली दिली नाही, चूक त्याची आहे.

आणि हे नागपुरात होणं तर आणखी खटकणारं आहे. देशभरातल्या गॅस सिलिंडरच्या सुरक्षेचे नियम ज्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेकडे आहेत, तिचं मुख्यालय आपल्या शहरात आहे. देशाच्या अग्निशमन अधिकाऱ्यांना घडवणारं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून इथे आहे. पाण्यावर संशोधन करणारी ‘नीरी’ १९५८ पासून इथे आहे. केमिकल इंजिनिअर घडवणारं एलआयटी १९४२ पासून अमरावती रोडवर उभं आहे. क्लोरीनबद्दल जे काही जाणून घ्यायचं ते सगळं जाणणारी माणसं या शहरात चहा प्यायला एकाच टपरीवर भेटू शकतील. आणि त्याच शहरात पूल चालवणारे काका अंदाजाने बादली ओततात. ज्ञान आहे, फक्त ते अंबाझरी रोडवरून पंपरूमपर्यंत पोहोचलेलं नाही.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. शहरातल्या प्रत्येक सार्वजनिक, कॉलेज आणि क्लबच्या पूलवर केमिकल हाताळणारा माणूस प्रशिक्षित असावा. मनपा आणि नासुप्रने याच संस्थांना सोबत घेऊन दोन-तीन दिवसांचा, मराठी-हिंदीतला, हाताने काम करून शिकवणारा कोर्स दर उन्हाळ्याआधी घ्यावा. तो कामाच्या वेळेतच व्हावा, म्हणजे काकांचा रोज बुडणार नाही. आणि क्लोरीन-पीएचची रोजची नोंद रजिस्टरमध्ये दडवून न ठेवता गेटवरच्या फळ्यावर लिहावी. वस्तीतल्या पूलवर वायूचे सिलिंडर खरंच हवेत का, याचाही एकदा विचार व्हावा. पर्याय उपलब्ध आहेत.

यावर दोन उत्तरं ठरलेली आहेत. पहिलं, “इतकी वर्षं काही झालं नाही.” अपघात होण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक ठिकाणी हे वाक्य खरंच असतं. दुसरं, “खर्च वाढेल, मग फी वाढेल.” वाढेल, थोडी. फुकट काहीच येत नाही, हे आम्हालाही कळतं. पण तपासायची किट, गॉगल, हातमोजे, योग्य कार्ट्रिजचा मास्क आणि वेगळं कपाट यांचा खर्च एका बॅचच्या मुलांवर वाटला तर सिझनला दोन-चार प्लेट तर्री पोह्यांइतकाही येणार नाही. आणि खर्चाचाच हिशेब करायचा तर अतिदक्षता विभागाच्या एका दिवसाचं बिलही बाजूला मांडा. अमेरिकेत नियम, प्रशिक्षण, तपासणी सगळं असूनही २००८ ते २०१७ या काळात पूलच्या केमिकलमुळे वर्षाला सरासरी साडेचार हजार लोकांना इमर्जन्सी विभागात जावं लागलं, असा सीडीसीचा अंदाज आहे. त्यात एक तृतीयांशाहून जास्त अठरा वर्षांखालची मुलं होती. जिथे मोजतात तिथे हे चित्र आहे.

तोपर्यंत तुम्ही काय करू शकता? विचारू शकता. फी भरताना काउंटरवर पाच प्रश्न विचारा:

आज सकाळचं क्लोरीन आणि पीएच किती होतं? नोंद कुठे आहे?
केमिकल कोण टाकतं आणि त्याने प्रशिक्षण घेतलंय का?
ॲसिड आणि क्लोरीन वेगवेगळ्या जागी ठेवता का?
लाईन जाऊन आली तर मोटर सुरू करायच्या आधी पाणी रिकामं करता का?
वास आला तर बाहेर पडायचा रस्ता कोणता?

काउंटरवरचे दादा किंवा ताई तुमच्याकडे विचित्र नजरेने बघतील. बघू द्या. दहा जणांनी विचारलं की मॅनेजरपर्यंत जाईल, पन्नास जणांनी विचारलं की फळा लागेल.

पाण्यात असताना पूलचा तळ स्पष्ट दिसत नसेल तर उतरू नका. तळाला पाणी ओढणारी जाळी तुटलेली किंवा गायब दिसली तर लगेच लाईफगार्डला सांगा, तिथली ओढ केस किंवा हात पकडून ठेवू शकते. आणि अचानक तिखट, घशात झोंबणारा वास आला किंवा हिरवट-पिवळसर धूर दिसला, तर बॅग, मोबाईल, चपला काही शोधत बसू नका. बाहेर पडा, ज्या बाजूने वारा येतोय त्या बाजूला जा, शक्य तर उंच जागी. मोकळ्या हवेत गेल्यावर कपडे बदला, डोळे साध्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. ११२ किंवा अग्निशमनच्या १०१ वर फोन करा, ॲम्ब्युलन्ससाठी १०८. बरं वाटलं तरी डॉक्टरला दाखवा, कारण क्लोरीनचा फुप्फुसावरचा परिणाम काही तासांनी वाढू शकतो. आणि पंपरूममध्ये कोणी अडकलं असेल तर हिरो बनून आत धावू नका. आत जाण्याचं काम श्वसनयंत्र असलेल्या अग्निशमन जवानांचं आहे. तुम्ही फक्त आत माणूस आहे हे ओरडून सांगा, आणि ते नक्की सांगा.

यंदा स्विमिंगला जाल तेव्हा आणखी एक करा. त्या लोखंडी दाराजवळच्या काकांना नावाने ओळखा. “काका, आज पीएच किती?” असं रोज सकाळी विचारा. पहिल्या दिवशी ते हसतील. आठव्या दिवशी कदाचित मॅनेजरला म्हणतील, “साहेब, पोरं विचारतात, किटमधलं औषध आणून द्या.”